मुंबईत नोकरी करताना ४५व्या वर्षी निवृत्त होता येईल का?

आपण मूळचे कोल्हापूरचे, मुंबईत भाड्याच्या घरात राहता आणि ४५व्या वर्षी निवृत्त होऊ इच्छिता. हे शक्य आहे; परंतु पुढे राहणार कुठे, हे आधी ठरवावे, कारण सारे गणित त्यावरच उभे आहे. वार्षिक खर्चाच्या २५ पट रक्कम पुरते, हा प्रचलित ठोकताळा अमेरिकी आर्थिक सल्लागार विल्यम बेंगेन यांनी १९९४ मध्ये अमेरिकी बाजाराच्या आकडेवारीवरून, ३० वर्षांच्या निवृत्तीसाठी मांडलेल्या, पहिल्या वर्षी पुंजीतून ४ टक्के रक्कम काढण्याच्या हिशेबातून आला आहे. आपल्याला कदाचित ४० वर्षे काढायची आहेत, आणि महागाई ६ टक्के राहिली तर खर्च १२ वर्षांत दुप्पट होतो, म्हणून निदान ३५ पट धरावे असे माझे मत आहे. मुंबईत महिना ७५ हजार लागत असतील तर ही रक्कम ३ कोटी १५ लाख होते; कोल्हापुरात राजारामपुरीत वडिलोपार्जित घर असून ४० हजारांत भागत असेल, तर १ कोटी ६८ लाख. आरोग्य विमा मात्र नोकरीत असतानाच स्वतंत्र घ्यावा. शिवाय कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेचे पूर्ण निवृत्तिवेतन ५८व्या वर्षी सुरू होत असल्याने मधली १३ वर्षे स्वतःच्या पुंजीवरच काढावी लागतील.