अमेरिकेतल्या प्रेअरीवर झाडं का नाहीत? तिथलं जंगल कधी तोडलं?

तुम्ही लिहिलंय की कॅन्सस सिटीला मुलाकडे गेला होतात, गाडीतून तासभर नुसतं गवतच दिसलं, तर इथलं जंगल कुणी तोडलं. कुणीच नाही, तिथं जंगल नव्हतंच, प्रेअरी म्हणजे मुळातच गवताळ मैदान. मी तिथून दोनेक तासांवर मॅनहॅटन नावाच्या गावात शिकायला होतो (कॅन्ससमधलं मॅनहॅटन, न्यूयॉर्कचं नाही) आणि पहिल्या वर्षी मलाही तुमच्यासारखंच वाटलं होतं.

पाऊस कमी पडतो म्हणून झाडं नाहीत असंही नाही बरं का. पश्चिमेकडे रॉकी पर्वताच्या पर्जन्यछायेत ते खरंय, तिथलं गवत बुटकंच असतं, पण पूर्व कॅन्ससला वर्षाला ८०० मिलिमीटरहून जास्त पाऊस होतो, म्हणजे पुण्यापेक्षा कमी नाहीच, आणि एवढ्यात झाडं सहज वाढतात. त्यांना वाढू दिलं नाही ते मुख्यतः आगीने. गवताचा वाढीचा कोंब जमिनीखाली असतो त्यामुळे वणवा वरून निघून गेला तरी त्याला काही होत नाही, झाडाच्या रोपाचं मात्र सगळं वर, ते जळून जातं. विजा पडून आगी लागायच्याच, शिवाय कॉ, ओसेज वगैरे मूळ लोक मुद्दाम गवत पेटवायचे, कारण जळलेल्या जागी कोवळं गवत येतं आणि त्यावर बायसन (आपल्या गव्यासारखे तिकडचे रानटी प्राणी) चरायला येतात. कॅन्सस हे नाव या कॉ लोकांवरूनच पडलंय, आणि १८७३ मध्ये त्यांनाच तिथून काढून ओक्लाहोमाकडे पाठवलं. हे वाचलं तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं.

मॅनहॅटनजवळ कोंझा प्रेअरी म्हणून संशोधनाची जागा आहे, तिथे काही भाग दरवर्षी जाळतात, काही दोन-चार वर्षांनी, काही वीस वर्षांनी एकदा. वीस वर्षांवाल्या भागात आता झुडपं आणि सीडरची झाडं माजलीयत, पाऊस तोच, माती तीच. मार्चच्या शेवटी सगळे डोंगर काळेकुट्ट दिसतात आणि पंधरा दिवसांत पोपटी हिरवे होतात, ते बघून माझा तरी विश्वास बसला. तिथे १९८७ साली बायसन परत आणले. ते मुख्यतः गवत खातात आणि फुलझाडं सोडून देतात, त्यामुळे त्यांच्या भागात वनस्पतींच्या जाती जवळजवळ दुप्पट झाल्या. ते लोळतात त्या खड्ड्यात पावसाचं पाणी साठतं आणि बेडूक येतात. हे प्राणी एके काळी कोट्यवधी होते, १८८० च्या दशकाच्या शेवटी जेमतेम हजारभर उरले होते, नुसती शिकार!

गवत मात्र गेलं ते नांगराने. बिग ब्लूस्टेम गवत माणसाच्या डोक्याच्या वर जातं आणि मुळं दोन-तीन मीटर खाली, त्या मुळांच्या जाळ्यात जुने नांगर चालायचेच नाहीत. १८३७ मध्ये जॉन डिअरने इलिनॉयमध्ये पोलादी नांगर बनवला, आणि हजारो वर्षं मुळं कुजून तयार झालेली काळी माती मक्याला मिळाली. आपण शाळेत धान्याचं कोठार म्हणून पाठ केलं ना, ते हेच. आज इलिनॉयला प्रेअरी स्टेट म्हणतात आणि तिथे मूळ प्रेअरी हजारात एक भागसुद्धा नाही, जुन्या दफनभूमीत आणि रेल्वे रुळांच्या कडेला थोडी टिकलीय कारण तिथं कुणी नांगर घातला नाही. तुम्ही पाहिलेली फ्लिंट हिल्सची (पूर्व कॅन्ससमधल्या टेकड्यांची) प्रेअरी वाचली ती वरच्या थरातच चुनखडी आणि गारगोटीचा दगड आहे म्हणून.

मी मूळचा सोलापूरकडचा, आमच्या माळरानालाही लोक पडीक म्हणतात आणि झाडं लावायला येतात, माळढोकाला मोकळा माळच लागतो हे कुणी विचारात घेत नाही. तिकडच्या प्रेअरी चिकन नावाच्या रानपक्ष्याचंही तसंच, झाड आलं की त्यावर ससाणा बसतो, म्हणून ते पक्षी झाडांपासून लांबच राहतात.

पुढच्या वेळी एप्रिलमध्ये जा. पहाटे या प्रेअरी चिकनचे नर उघड्या टेकाडावर जमतात, मानेच्या नारिंगी पिशव्या फुगवून घुमतात, तो आवाज वारा नसेल तर मैलभर ऐकू येतो. उजाडायच्या आत पोचा आणि गाडीतच बसून रहा.