पहिली नोकरी : आधी सुपरव्हिजनचं विचारा

प्रश्न : माझं एमएसडब्ल्यू (समाजकार्यातलं पदव्युत्तर शिक्षण) झालं आहे आणि पुढे सायकोथेरपीकडे वळायचं आहे. दोन नोकऱ्या समोर आहेत. एकीकडे पगार बराच जास्त, पण सुपरव्हिजनचं विचारल्यावर 'मॅनेजर दर सोमवारी आढावा घेतात' एवढंच उत्तर मिळालं. दुसरीकडे पगार कमी, मात्र आठवड्याला एक तास क्लिनिकल सुपरव्हिजन आहे, म्हणजे अनुभवी थेरपिस्टपुढे आपल्या केसेस मांडून त्यावर चर्चा करायची. आई-बाबा म्हणतात, शिक्षण झालं, आता आणखी कोणाच्या हाताखाली कशाला? मलाही वाटतं, आपल्या केसेस दुसऱ्यापुढे मांडणं म्हणजे काम जमत नाही हे कबूल करणंच ना?

उत्तर : घरी पैशांची अगदी निकड नसेल तर दुसरी नोकरी घे. थेरपीकडे वळायचं असेल तर तो आठवड्याचा एक तास पगाराइतकाच मोलाचा आहे.

आई-बाबांची शंका स्वाभाविक आहे, पण या क्षेत्रात सुपरव्हिजन नवशिक्यांपुरतं नसतं. ब्रिटनमध्ये समुपदेशक आणि थेरपिस्टच्या बीएसीपी या संघटनेच्या मान्यताप्राप्त थेरपिस्टना, कितीही वर्षांचा अनुभव असला तरी, प्रॅक्टिस सुरू असेपर्यंत दरमहा किमान दीड तास सुपरव्हिजन घ्यावं लागतं.

आता सोमवारच्या आढाव्याबद्दल. समाजकार्याचे अभ्यासक आल्फ्रेड काडुशिन यांनी १९७६ मध्ये समाजकार्यातल्या सुपरव्हिजनची तीन अंगं मांडली : प्रशासकीय, शैक्षणिक आणि आधाराचं. किती केसेस आल्या, किती बंद झाल्या, नोंदी पूर्ण आहेत का, हे सगळं पहिल्या अंगात येतं. तेही लागतंच. पण तुला घडवणार आहेत ती उरलेली दोन, आणि ती त्या आढाव्यात बसत नाहीत. शिवाय जो माणूस तुझी पगारवाढ ठरवतो, त्याच्यापुढे 'या क्लायंटची मला भीती वाटते' असं म्हणायला जीभ रेटत नाही.

त्या एका तासात काय होतं, ते सांगते. समज, क्लायंट म्हणाली, 'इथे येऊन काही उपयोग होत नाही.' तू घाईघाईने तीन उपाय सुचवलेस. सुपरव्हायझर सेशनचं रेकॉर्डिंग नेमकं तिथे थांबवते आणि विचारते, 'ती हे म्हणाली तेव्हा तुला काय झालं?' तू म्हणतेस, 'घाबरले. वाटलं, ती आता येणार नाही.' मग लक्षात येतं की ते उपाय क्लायंटसाठी नव्हतेच, तुझी भीती शमवण्यासाठी होते. हे एकटीने नोंदी चाळून सहसा हाती लागत नाही.

कधी तर क्लायंटची हतबलता तुझ्यामार्फत थेट सुपरव्हिजनच्या खोलीत येते. क्लायंट तुला म्हणत असते 'तुम्हीच सांगा काय करू', आणि त्याच आठवड्यात तू सुपरव्हायझरला अगदी तसंच म्हणतेस. मनोविश्लेषक हॅरल्ड सर्ल्स यांनी १९५५ मध्ये याविषयी लिहिलं. आज त्याला पॅरलल प्रोसेस म्हणतात. चांगली सुपरव्हायझर अशा वेळी उत्तर देऊन मोकळी होत नाही, नेमकं काय घडतंय ते तुला दाखवते.

म्हणून केस मांडण्यात कमीपणा मानू नकोस. उलट जी गोष्ट सांगावीशी वाटत नाही (क्लायंटचा आलेला राग, तिच्याबद्दलची ओढ, वेळ संपल्यावरही लांबवलेलं सेशन) तीच आधी सांग. गप्प राहण्याची किंमत क्लायंट मोजते. मात्र सुपरव्हिजन म्हणजे तुझी थेरपी नव्हे. तुझं जुनं दुखणं वर आलं तर सुपरव्हायझरने त्याचा कामावर काय परिणाम होतोय एवढंच पाहावं. बाकीचं वेगळ्या थेरपिस्टकडे न्यायचं.

होकार कळवण्याआधी दुसऱ्या संस्थेलाही विचार : सुपरव्हायझर कोण, त्यांनी स्वतः क्लायंटबरोबर किती काम केलंय, कामाचा ताण वाढला की हा तास रद्द होतो का, आणि तिथे बोललेलं मूल्यमापनाच्या अहवालात कितपत जातं? क्लायंटच्या जिवाला धोका असल्याचं कळलं तर सुपरव्हिजनच्या दोन सेशनच्या मध्ये फोन कोणाला करायचा, हेही विचार.

आणि पैशांपायी पहिली नोकरी घ्यावीच लागली, तर जास्तीच्या पगारातून बाहेरचं सुपरव्हिजन लाव. त्यासाठी संस्थेची लेखी परवानगी घे, सुपरव्हिजनमध्ये केसची चर्चा होते हे क्लायंटना सुरुवातीलाच सांग आणि केस मांडताना नाव-पत्ता वगळ.