‘ताईला चर्चवाले ओढतायत’

"मॅडम, ताईच्या दुःखाचा फायदा घेतायत का हे लोक?" विक्रोळीहून माझ्याकडे सल्ल्यासाठी आलेल्या भावानं बसता बसताच विचारलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) ताईचा तरुण मुलगा अपघातात गेला. तेव्हापासून चर्चच्या प्रार्थना सभेतल्या बायका घरी यायला लागल्या, डबा आणायच्या, तिच्याजवळ बसायच्या. आता ताई दर रविवारी त्यांच्याबरोबर जाते.

ही काळजी मी झटकून टाकत नाही. खचलेला माणूस पुढे आलेला कुणाचाही हात धरतो. आणि ही काळजी आजची नाही. ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन हे विधवा मुलींसाठीचं निवासी विद्यालय काढलं, तेव्हा तिथे धर्मप्रचार होणार नाही असं ठरलं होतं. सदन पुण्याला गेल्यावर मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात असं कळलं आणि १८९३ मध्ये बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. रानडे, भांडारकर हे समाजसुधारक सदनाच्या सल्लागारपदावरून बाजूला झाले. रमाबाईंची श्रद्धा खरी होती, विधवा मुलींना मिळालेलं शिक्षणही खरंच होतं. म्हणून हेतू शुद्ध की अशुद्ध या वादात मी शिरत नाही. वागणं बघते.

ताईशी वेगळं बोलले. "त्या येशूचं सांगायला येतात, कळतं हो मला. पण त्या माझ्या पोराचं नाव घेतात. आमच्याकडे नाव निघालं की सगळे विषय बदलतात." तिला विचारूनच हे मी भावाला सांगितलं. त्याला रडू आलं.

मग ताईला विचारलं: सभेला नाही गेलात तर येणं बंद करतात का? भावाशी बोलू नका म्हणतात? पैसे मागतात? बाप्तिस्म्याची घाई करतात? सगळ्याचं उत्तर ‘नाही’. पण एका बाईनं "विश्वास ठेव, बीपीच्या गोळ्या कशाला" असं सुनावलं होतं आणि ताईनं गोळ्या सोडल्या होत्या. इथे मी ठाम राहिले. प्रार्थना जरूर करा, पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी बंद करायची नाही. दोघं पास्टरना भेटले. त्यांनी त्या बाईला सगळ्यांसमोर समज दिली. ती दिली नसती, तर त्या सभेपासून लांब राहा असंच मी सांगितलं असतं.

ताई अजून रविवारी जाते. भाऊ आता भाच्याबद्दल तिच्याशी बोलतो. धर्म बदलायचा की नाही, हा हक्क तिचाच. मात्र वर्षश्राद्ध होईपर्यंत कुठलाच मोठा निर्णय घ्यायचा नाही, हे तिनं स्वतःच ठरवलंय.