देशी डुकरांचे आनुवंशिक वैविध्य कसे मोजतात?

प्रश्न : आमच्याकडे देशी काळी डुकरे अजून पुष्कळ दिसतात, मग त्यांचे आनुवंशिक वैविध्य घटले आहे का, हे कसे ओळखावे? (एक वाचक, जिंतूर, जि. परभणी)

उत्तर : नुसती डोकी मोजून ते कळत नाही. परस्परांशी नाते नसलेल्या जनावरांचे रक्त घेऊन, डीएनएवरील ठरावीक ठिकाणी आईकडून व बापाकडून आलेली रूपे भिन्न आहेत की सारखी, हे प्रयोगशाळेत तपासतात. भिन्नता अपेक्षेपेक्षा कमी निघाली, तर जवळच्या नात्यात पैदास झाल्याची शंका बळावते. कळपाची परिणामकारक संख्या, म्हणजे आनुवंशिक वैविध्य टिकवण्याच्या दृष्टीने कळप प्रत्यक्षात किती जनावरांएवढा ठरतो तो आकडा, मात्र घरीही काढता येते : नर व माद्या यांच्या संख्यांच्या गुणाकाराची चौपट करून तिला त्यांच्या बेरजेने भागावे. 20 माद्यांमागे 1 नर असल्यास ती चाराच्याही खाली येते, 5 नर असल्यास 16 होते. म्हणून वेगवेगळ्या कळपांतील देशी नर अवश्य राखून ठेवावेत.