किरमिजी म्हणजे मरून का?

एका ताईंनी विचारलंय: "माझी आजी तिच्या एका लुगड्याला किरमिजी म्हणायची. आम्ही त्याच रंगाला मरून म्हणतो. दोन्ही एकच का? आणि किरमिजीचा कृमीशी संबंध आहे, हे खरं का?"

कृमीशी नातं आहे, अगदी सख्खं. पण संस्कृत शब्द झिजून किरमिजी झाला, असं नाही. तो फारसीच्या वाटेने मराठीत आला. फारसीत किड्याला 'किर्म' म्हणतात, म्हणजे आपल्या 'कृमी'चाच भाऊ. अरबी-फारसीतला 'किर्मिझ' हा भूमध्य समुद्राकाठच्या एका जातीच्या ओकवर वाढणारा किडा. त्याच्या माद्या वाळवून लाल रंग काढत. हाच शब्द युरोपात जाऊन 'क्रिम्झन' आणि 'कारमाइन' झाला, इकडे येऊन किरमिजी. त्यामुळे क्रिम्झनला मराठीत काय म्हणायचं, असं कुणी विचारलं की मी बेधडक किरमिजी सांगते.

सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी मेक्सिकोतून निवडुंगावरचा किडा आणला. त्याचा रंग कितीतरी दाट, म्हणून ओकवरचा मागे पडला. नाव मात्र नव्या किड्याच्या रंगालाही चिकटलं.

शब्द कुठून आला ते त्याच्या वागण्यातही दिसतं. पिवळा फेटा, पिवळी साडी, पिवळं लुगडं असं आपण म्हणतो. किरमिजी मात्र फेट्यालाही किरमिजीच आणि लुगड्यालाही. गुलाबी, बदामी, आसमानी हेही तसेच.

आता मरून. हा शब्द चेस्टनट या फळाच्या फ्रेंच नावावरून आलाय. त्यामुळे मरूनमध्ये तपकिरी झाक असते, किरमिजीत निळसर. लुगडं जपून ठेवलं असेल तर दिवाणखान्यातल्या दिव्याखाली नको, सकाळच्या उन्हात धरून बघा. लाल जांभळ्याकडे झुकत असेल तर आजीचा शब्द अचूक होता.

आपल्याकडचा किड्याचा लाल म्हणजे लाखेचा. पळस, बोर, कुसुम यांच्या फांद्यांवर लाखेचे किडे वाढतात. संस्कृतात लाखेला 'लाक्षा' म्हणतात तसं 'कृमिजा'ही म्हणतात, आणि पायांना लावायचा अळिता म्हणजे 'अलक्तक', तोही लाखेचाच. मी एकदा काष्ठौषधीच्या दुकानातून कच्ची लाख आणली. काळपट, खरखरीत खडे. बघून रंगाची शंकाही येऊ नये. कुटून कोमट पाण्यात रात्रभर ठेवली, सकाळी पाणी गडद लाल. एका वाटीत लिंबू पिळलं, तर रंग नारिंगीकडे गेला. दुसरीत चिमूटभर खायचा सोडा टाकला, तर जांभळट झाला. रंगाऱ्याने काय घातलं, यावर एकाच किड्याचा लाल असा बदलतो. म्हणून जुन्या कापडांत किरमिजीची एकच ठरलेली छटा शोधू नका. केशरीपासून दूर, जांभळ्याच्या जवळचा गडद लाल, एवढी ओळख पुरे.

लुगडं कारखान्यातल्या रंगात रंगवलेलं असण्याचीच शक्यता जास्त. तरी त्याला किरमिजीच म्हणा.