नाट्यमंडळ गळ्यात पडलंय?

सर, अभिनंदन! इंग्रजीच्या तासांसोबत कॉलेजचं नाट्यमंडळही आलं, म्हणजे पावसाळाभर घरी वेळेवर जेवण विसरा. पुरुषोत्तम करंडक, म्हणजे पुण्यातली कॉलेजांची एकांकिका स्पर्धा, १९६३ पासून चालू आहे, पळून जात नाही. पहिल्याच वर्षी बक्षिसाचं दडपण नको.

आधी पंधरा दिवस नुसतं वाचन. मुलांना घाईनं उभं करू नका.

सगळ्यात मोठी चूक माझीच सांगतो. प्रत्येक वाक्य मीच म्हणून दाखवायचो. प्रयोगात सगळी पोरं हुबेहूब माझ्यासारखी बोलली, अगदी नायिकासुद्धा! आता फक्त विचारतो, 'हा आत्ताच हे का बोलतोय?'

इंग्रजी नाटक घेतलंत तर शब्दशः भाषांतर टाळा. पुण्याच्या कसबा पेठेतला माणूस हे कसं म्हणेल, ते मुलांनाच विचारा.

आणि हो, हजेरीच्या सवलतीवर तालमीआधीच सही घ्या. प्रकाशयोजना, नेपथ्य पुढच्या वर्षी बोलू.