समजूत घालून परत येण्याआधी

प्रिय सहकारी,

पोलीस ठाण्यातल्या नव्या नेमणुकीत घरगुती मारहाणीचे कॉल येतीलच. वायरलेसवर 'नवरा-बायकोचं भांडण' ऐकलं की निम्मा तपास तिथेच संपतो. भांडणात दोघं ओरडतात; इथे कोण कोणाला घाबरतंय ते बघ.

दोघांना वेगवेगळ्या खोलीत घे, एकमेकांना दिसणार-ऐकू येणार नाही असं. त्याच्यासमोर 'तक्रार आहे का?' विचारलंस तर 'नाही' हेच उत्तर मिळेल, आणि तेच नोंदवहीत जाईल. भाषा अडली तरी मुलाला दुभाषा करू नकोस. बरेचदा नवरा शांत असतो आणि बायको विस्कळीत बोलते. शांत माणूस खरा वाटतो, इथेच फसगत होते. त्याच्या हातावरचा चावा किंवा ओरखडा तिने जीव वाचवताना घेतलेला असू शकतो. दोघांवर गुन्हा नोंदवून समतोल साधणं हा शुद्ध आळस आहे.

गळा दाबला होता का, हे स्वतःहून विचार. 'गळा दाबला' असे शब्द ती बहुतेक वापरणार नाही. मानेवर हात, गुडघा, ओढणी काही आलं का? श्वास अडला? डोळ्यांपुढे अंधारी आली? लघवी सुटली? आवाज बसलाय का, गिळताना दुखतंय का, डोळ्यांत बारीक लाल ठिपके आहेत का, तेही बघ. अमेरिकेतल्या सॅन डिएगो शहरात गळा दाबल्याच्या ३०० प्रकरणांच्या पाहणीत निम्म्या जणींच्या अंगावर दिसेल अशी खूणच नव्हती. मानेतल्या रक्तवाहिनीला आतून इजा झाली तर पक्षाघात काही दिवसांनीही येऊ शकतो, म्हणून 'बरी आहे' म्हणाली तरी डॉक्टरकडे पाठव. एकदा गळा दाबला गेलेल्या बाईचा पुढे त्याच्याच हातून खून होण्याची शक्यता सुमारे ७ पट, असं एका अमेरिकी अभ्यासात दिसलं. 'किरकोळ दुखापत' लिहिताना पेन जरा थांबव.

तक्रार मागे घेतली म्हणून फाइल बंद करायची घाई नको. ओपुझ विरुद्ध तुर्कस्तान खटल्यात मायलेकींनी धमक्यांमुळे तक्रारी मागे घेतल्या, आणि २००२ मध्ये जावयाने सासूला गोळी घातली. तक्रार का मागे घेतली जातेय हे यंत्रणेने तपासायला हवं होतं, असं युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २००९ मध्ये बजावलं.

संरक्षण आदेश, म्हणजे त्याने तिच्यापासून लांब राहावं असा कोर्टाचा हुकूम, मोडला तर लगेच हालचाल कर. कॅसल रॉक, कोलोरॅडो, अमेरिका, १९९९: आदेश हातात असलेली आई 'मुलींना बाप घेऊन गेलाय' म्हणून पोलिसांना फोन करत राहिली. पोलिसांचं उत्तर: आधी रात्री दहापर्यंत थांबा, मग बारापर्यंत थांबा. पहाटे तिन्ही मुली मृत सापडल्या.

त्याच घरातून आलेले जुने कॉल काढून एकत्र वाच. सुटे वाचले की प्रत्येक किरकोळच वाटतो. ती घर सोडायच्या बेतात असेल किंवा नुकतीच निघाली असेल, तर धोका वाढलेला समज, कमी नव्हे.

आणि त्याला अटकेतून सोडणार असाल, तर तो दाराबाहेर पडण्याआधी तिला फोन गेला पाहिजे. फोन कोणी केला, किती वाजता केला, तिने उचलला का, हे नोंदीत लिही. उचलला नसेल तर गाडी घेऊन जा.